बिशपचा पुढचा उजवा पाय

जेबेझ क्राउलने त्या साली अख्खा हिवाळा एका घोड्यावर काढला. घोड्यावर बसून नव्हे, घोड्यासमोर तिपाई मांडून. बसायला सांगितलं असतं तरी तो बसला नसता. घोड्यांची चित्रं काढून पोट भरणाऱ्या या माणसाला घोड्यावर चढायची मनस्वी धास्ती होती, आणि तीस वर्षं इंग्लंडातल्या लेस्टरशरमध्ये फिरूनही त्याने ती कुणाला कळू दिली नव्हती. कळली असती तर लोकांनी त्याला चित्रंच काय, दारसुद्धा रंगवायला दिलं नसतं.

एरवी एक घोडा म्हणजे पंधरवड्याचं काम. रीत अशी, की चितारी घरी येऊन राहायचा, चित्र पुरं होईतो त्या घरचं खायचा, कोपऱ्यात सही ठोकली की पेटी उचलून पुढच्या जमीनदाराकडे निघायचा. सही म्हणजे निरोप. त्याला जेवायला कुठे बसवायचं हा प्रश्न मात्र प्रत्येक घराला नव्याने पडे. पाहुणा म्हणावं तर नखांत रंग, नोकर म्हणावं तर कोटाला मखमली कॉलर. बहुतेक घरं मधला मार्ग काढत आणि त्याचं ताट घर सांभाळणाऱ्या बाईच्या खोलीत पाठवत. तिथे त्याने आयुष्यभर थंड मटण खाल्लं होतं.

स्केल्बीच्या हवेलीत मात्र पहिल्याच संध्याकाळी त्याला सरळ मोठ्या टेबलावर बोलावणं आलं. हवेलीची मालकीण मिस ड्रुसिला पेटिफर. वय अठ्ठेचाळीस, उंची दारात वाकावं लागेल इतकी, लग्न केलेलं नाही आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातल्या मेंढ्यांनी चरणं थांबवावं. वडील गेल्यापासून तबेला, कुत्री, कुळं, गळकं छप्पर सगळं ती एकटी हाकत होती. आठवड्यातून तीनदा कोल्ह्याच्या शिकारीला जायची आणि भल्याभल्या पुरुषांना चिखलात मागे टाकायची.

"बसा," ती म्हणाली. "इथे बसायला काही लागत नाही. फक्त तोंड मिटून जेवू नका. तसं मी रोजच जेवते."

जेबेझ बसला. ती बोलली, तोही बोलला. पुडिंग येईपर्यंत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

भांडण डोक्यावरून झालं, बिशपच्या. बिशप हा तिचा लाडका करडा घोडा. तोंडावर असा गंभीर भाव की कुणाला वाटावं आता प्रवचन सुरू होणार. आता या धंद्यातलं एक उघड गुपित असं, की घोड्याचं डोकं आहे त्याहून लहान काढायचं, मान लांब करायची आणि पाय काड्यांसारखे बारीक. मालक खूश होतात. जेबेझ इतकी वर्षं हेच करत आला होता, आणि बिशपचंही पहिलं रेखाटन त्याने त्या दुपारी हात बसल्याप्रमाणे तसंच केलं होतं.

"हे डोकं कुणाचं?" ड्रुसिलाबाईंनी विचारलं.

"बिशपचं, बाईसाहेब."

"हे एखाद्या सशाचं आहे. चला माझ्याबरोबर."

तिने त्याला जेवणावरून उठवून तबेल्यात नेलं आणि बिशपचं डोकं धरून त्याच्या खांद्यावर ठेवलं. ते डोकं भलतंच जड निघालं. घोड्याने सुस्कारा सोडला, जेबेझच्या मखमली कॉलरवर लाळ गळली. घोडा इतका जवळ आल्याने जेबेझने डोळे घट्ट मिटले होते, आणि ते तिला दिसलं असणार, कारण तिने काही न बोलता दुसऱ्या हाताने त्याचं कोपर धरलं.

"कळलं वजन? आता तेवढं काढा," ती म्हणाली.

प्रेमात कधी पडलो असं जेबेझला कुणी विचारलं असतं तर त्याने ही जागा सांगितली असती. पण विचारणार कोण?

तिथून पुढे चित्र लांबायला लागलं. सुरुवातीला कारणं खरी होती. थंडी पडली आणि बिशपच्या अंगावर दाट केस आले. काढलेला रंग पुसून नवा द्यावा लागला. मग शिकारीसाठी त्याचे केस कातरले, तर आतून उंदरासारखा काळपट रंग निघाला, पुन्हा पुसापुशी. नाताळानंतर खरी कारणं संपली तेव्हा जेबेझने आभाळ हाती घेतलं. आभाळाचं एक बरं असतं, ते कधीच बरोबर होत नाही. त्याने ढग आणले, ढग घालवले. मागच्या टेकडीवर एक झाड लावलं, आठवड्याने ते तोडलं. ड्रुसिलाबाई रोज येऊन पाहायच्या आणि रोज काहीतरी खोट काढायच्या: शेपटी जरा उंच आहे, गवत फार हिरवं आहे, त्या कुत्र्याला माझ्या कुत्र्यासारखं बघता येत नाही. जेबेझ मान डोलवायचा, मनातून देवाचे आभार मानायचा आणि शेपटी उतरवायला बसायचा.

आणि रोज संध्याकाळी टेबल. ती दिवसभराच्या धावपळीची हकिगत सांगायची: कोण ओढ्यात पडला, कोण पडला नाही म्हणून सांगत सुटला आहे. तो तिला इतर घरांतल्या गमती सांगायचा. मग कुठल्या तरी क्षुल्लक गोष्टीवरून जुंपायची. जेबेझला घर असं कधी नव्हतंच. बाप खोगिरं शिवायचा, आई लहानपणी गेली, आणि मोठेपण सगळं दुसऱ्यांच्या पाहुण्यांच्या खोल्यांत गेलं. बावन्नाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा असं वाटलं, की संध्याकाळी आपली वाट बघणारं कुणीतरी आहे. पण खोगीरवाल्याच्या पोराने पेटिफरांच्या मुलीला मागणी घालायची? इथेच घोडं पेंड खात होतं. चित्र आहे तोवर आपण इथे आहोत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यापलीकडचा विचार करायचं तो टाळत होता.

घर सांभाळणाऱ्या मिसेस ग्राइसच्या नजरेतून यातलं काही सुटलं नव्हतं.

"आज काय काढलंत?" ती चहा आणून ठेवताना विचारायची.

"एक ढग."

"कालचा कुठे गेला?"

"तो बरा नव्हता."

"माझा नवरा छपरावर कौलं घालायचा," मिसेस ग्राइस म्हणायची. "तुमच्यासारखं काम केलं असतं तर आम्ही पावसातच म्हातारे झालो असतो. खा ती बिस्किटं. बाईसाहेबांनी मुद्दाम करायला सांगितलीत."

फेब्रुवारीत दोन गोष्टी घडल्या. नॉर्थम्बरलंडच्या एका लॉर्डाने निरोप धाडला, की माझी सगळी शिकारी कुत्री काढायची आहेत, ताबडतोब निघा, नाहीतर दुसरा चितारी बघतो. काम वर्षभराचं होतं आणि नॉर्थम्बरलंड म्हणजे जवळजवळ स्कॉटलंड. एकदा तिकडे गेला की परतणं कठीण. जेबेझने तो निरोप टेबलावर सांगितला. ड्रुसिलाबाई फक्त म्हणाल्या, "अस्सं," आणि मटण कापत राहिल्या.

दुसरी गोष्ट त्याहून मनाला लागली. शनिवारी शिकारीची मंडळी स्केल्बीच्या फाट्यावर जमली होती. जेबेझ रेखाटनं करायला कुंपणापाशी उभा होता. शेजारचे जमीनदार गिल्बर्ट ऑटरशॉ, लाल तोंडाचा, गडगडाटी हसणारा, मनाने साफ माणूस, सगळ्यांच्या देखत ओरडून म्हणाले, "ड्रुसिला, तो तुझा चितारी घोडा काढतोय का घोडा व्यायची वाट बघतोय?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने ड्रुसिलाबाई हसल्या.

जेबेझने पेन्सिल खिशात घातली आणि घरी परतला. आपण काय ते समजून चुकलो, असं त्याला वाटलं. बाईंनी पाच महिने पोसलं, थट्टा सोसली, आता बास. त्यांना कंटाळा आला आहे आणि सांगायचा संकोच होतो आहे. चांगल्या घरच्या माणसांचं असंच असतं. त्या रविवारी त्याने आभाळ कायमचं केलं, शेपटी होती तिथे राहू दिली, सोमवारी सकाळी पुढच्या उजव्या पायावर शेवटचा उजेड दिला, कोपऱ्यात 'जे. क्राउल' लिहिलं आणि मिसेस ग्राइसला सांगितलं, की माझी पेटी खाली आणून ठेवा, दुपारच्या गाडीने निघतो.

चित्र मात्र झकास उतरलं होतं. डोकं जेवढं होतं तेवढं होतं. तबेल्याच्या दारात बिशप उभा, जरा कंटाळलेला, एक कान मागे. बाजूला करड्या केसाळ पायांचं कुत्रं. तीस वर्षांत जेबेझच्या हातून असं काही झालं नव्हतं, आणि त्याला ते बघवत नव्हतं.

त्या सकाळी नेमका शिकारीचा जमाव हवेलीवरच होता, नाश्त्याला. पण रात्री कडक हिव पडलं होतं आणि जमीन दगडासारखी टणक झाली होती. तसल्या जमिनीवर घोडे पळवले तर त्यांचे पाय जातात, म्हणून शिकार रद्द. आता बूट चढवून, तांबडे कोट घालून आलेली वीसेक माणसं, करायला काही नाही, टेबलावर डुकराचं मांस भरलेली पॅटिसं, भाजलेले गुर्दे आणि भरपूर बिअर. मंडळी खाऊन-पिऊन हिंडायला लागली ती चित्रासमोर येऊन थांबली.

या मुलखात चित्र कसं आहे असं कुणी विचारत नाही. घोडा कसा आहे ते बघतात.

"छाती खोल आहे," एक जण म्हणाला.

"मागून जरा हलका वाटतो."

"छे, मागून ठीक आहे. कान मागे टाकलाय बघा, लाथ मारत असणार."

"वय काय? विकायचा आहे का?"

जेबेझ खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही, आणि त्याची त्याला सवय होती. घोड्याला नावं ठेवतात म्हणजे घोडा खरा वाटतो, एवढं त्याला पुरे होतं.

मग गिल्बर्ट ऑटरशॉ आले. डाव्या हातात ग्लास. त्यांनी डोकं एका बाजूला कलतं करून पाहिलं, दुसऱ्या बाजूला करून पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले, आणि जन्मभर ज्या सहजतेने शेकडो घोड्यांचे पाय चाचपले असतील त्याच सहजतेने उजवा पंजा बिशपच्या पुढच्या उजव्या पायावरून गुडघ्यापासून खुरापर्यंत सरळ खाली ओढला. खाली पोचल्यावर अंगठ्याने जरा दाबूनही पाहिलं.

"थंड आहे," त्यांनी जाहीर केलं. "सूज नाही."

ऑटरशॉंनी हात वर केला. पंजाभर पांढरा आणि करडा रंग. चित्रात बिशप तीन पायांवर उभा होता आणि चौथ्याच्या जागी धुकं पसरलं होतं.

"गिल्बर्ट," ड्रुसिलाबाई म्हणाल्या, आणि बाहेर कुत्री भुंकायला लागली. "ते चित्र आहे. घोडा तबेल्यात आहे."

"सवय गं माझी."

"उद्या चर्चमधल्या दगडी सिंहाचा जबडा उघडून दात बघशील. पाच महिन्यांचं काम माणसाचं. आता त्यांना निघता येईल का आज? येईल का, मिस्टर क्राउल?"

"नाही, बाईसाहेब," जेबेझ म्हणाला. "आज तर शक्यच नाही." आणि आपल्या तोंडावर भलतंच हसू येतं आहे हे लक्षात येऊन तो टर्पेंटाइन आणायला धावत सुटला.

स्वयंपाकघरामागच्या मोरीवर त्याने ऑटरशॉंचा पंजा चिंधीने पुसायला घेतला. त्याला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटत होती. किती दिवस मिळतील? पाय वाळायला हवा, मग खरवडायला हवा. नीट केलं तर दोन आठवडे. पाय बदलला की सावलीही बदलणार.

"मला एक कळत नाही," ऑटरशॉ कुरकुरत होते. "मला एवढं झापायचं काय कारण? तिनेच तर सांगितलं."

जेबेझचा हात थांबला. "काय सांगितलं?"

"गुर्दे खात होतो मी. आली आणि म्हणाली, गिल्बर्ट, त्या चित्रातल्या घोड्याचा पुढचा उजवा पाय तुला जाड वाटतो का रे? मला सुजल्यासारखा दिसतो. बघ जरा, तुझ्या हाताला कळतं. म्हणाली की नाही? आता माझ्या हाताला कळतं म्हटल्यावर मी काय डोळ्यांनी बघणार? आणि वर चारचौघांत सिंहाचे दात काढते. चाळीस वर्षं ओळखतो तिला. पोरगी होती तेव्हाही अशीच होती. स्वतः सफरचंदं चोरायची आणि मला झाडावर ठेवून पळायची."

जेबेझने चिंधी त्यांच्या हातात दिली आणि कोट न घालताच तबेल्याकडे निघाला.

ड्रुसिलाबाई बिशपच्या बादलीत कोंडा आणि गरम पाणी कालवत होत्या. तो आलेला त्यांनी पाहिला आणि आणखी जोराने कालवायला लागल्या.

"पाय सुजलेला नव्हता," जेबेझ म्हणाला.

"जाड वाटत होता मला."

"बाईसाहेब, तो पाय मी आयुष्यात काढलेला सगळ्यात बरोबर पाय होता."

बादलीतला हात थांबला. "होता," ती म्हणाली. "मला माहीत आहे. म्हणून तर गिल्बर्टला पाठवला. माझ्या हाताने झालं नसतं ते."

तिचा चेहरा ऑटरशॉंच्या कोटासारखा लाल झाला होता.

"आज सकाळी जिन्याच्या पायथ्याशी तुमची पेटी दिसली," ती बादलीकडे बघत म्हणाली. "वाटलं, आज संध्याकाळी पुन्हा त्या लांबलचक टेबलावर मी एकटी. बाबा गेल्यापासून अकरा वर्षं जेवले तशी, तेव्हा काही वाटलं नाही. आता नाही जमायचं. शेपटी, गवत, कुत्र्याची नजर... तुम्हाला काय वाटलं, मला गवताचा रंग कळत नाही?"

"मग शनिवारी फाट्यावर हसलात का?"

"मी घाबरले की हसते. मोठ्या ओढ्यापाशी घोडा घालताना तर खदखदून हसते, विचारा कुणालाही. मला वाटलं गिल्बर्टला कळलं, सगळ्यांना कळलं. तुम्हाला सोडून."

बिशपने बादलीत तोंड घालायचा प्रयत्न केला. तिने त्याला कोपराने दूर सारलं.

"किती दिवस लागतील पायाला?" तिने विचारलं.

दोन आठवडे, असं जेबेझच्या अगदी जिभेवर होतं. सावली धरून तीन. त्याने ते गिळलं.

"अर्धा दिवस," तो म्हणाला. "रंग ओला आहे, पुसून पुन्हा काढला की झालं. उद्या दुपारी पुरा होईल. नाताळातच पुरं झालं होतं चित्र, बाईसाहेब. पुढचं सगळं आभाळ मी खोटं काढलं. आता आणखी खोटं काढवणार नाही मला. मी तुमच्याकडे काम करत राहू शकत नाही, काम संपलंय. मला नॉर्थम्बरलंडला जायचं नाही. मला कुठेच जायचं नाही."

"मग जाऊ नका."

"पण इथे कोण म्हणून राहू? बाप माझा खोगिरं शिवायचा. मला घोड्यावर बसता येत नाही, भीती वाटते. लोक म्हणतील, पेटिफरबाईंनी चित्र घेतलं आणि चितारी फुकट ठेवून घेतला."

"म्हणू देत. एकदा तरी माझ्याबद्दल बोलताना मध्ये घोडा येणार नाही," ती म्हणाली. "आणि राहायचं म्हणता तर नवरा म्हणून राहा. दुसरं कोण म्हणून राहणार? चितारी म्हणून तुम्ही मला फार महाग पडलात."

जेबेझ दाण्याच्या पेटाऱ्यावर बसला. ड्रुसिलाबाईंनी बादली घोड्यापुढे ठेवली, ओले हात झग्याला पुसले आणि त्याच्याशेजारी येऊन बसल्या. हवेलीतून कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. बराच वेळ दोघांपैकी कुणीच उठलं नाही.